बहादूरच्या घरी कोण असतं?

रात्री दीड-दोनच्या सुमाराला काठी आपटत, शिट्टी फुंकत जाणारा गुरखा ही आपल्या लहान गावांची जुनी ओळख. महिना संपला की तो दारात येतो, दहा-वीस रुपये घेतो, सलाम करून पुढच्या दाराकडे वळतो. त्याचं नाव काय? बहादूर. सगळ्यांचंच नाव बहादूर! हल्ली तो नुसता गस्त घालत नाही. चायनीजच्या गाडीवर तोच, हॉटेलच्या मोरीत तोच. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात तर मच्छीमारी बोटींवर खलाशी म्हणून आणि आंब्याच्या बागांत राखणदार म्हणून नेपाळी माणसं मोठ्या संख्येने आहेत. पेटीवर नाव बागायतदाराचं असतं, पण कलमांखाली झोपडी बांधून राहणारा, रात्री-अपरात्री माकडं हाकणारा, फवारणीला उभा राहणारा बहुतेक वेळा नेपाळीच असतो.

आमच्या बचतगटाच्या बैठकीत मध्यंतरी हा विषय निघाला. एक मैत्रीण सहज म्हणाली, ‘‘इतकी वर्षं ही माणसं इकडे येतायत, पैसे पाठवतायत. मग तिकडची गरिबी तशीच कशी गं?’’ प्रश्न सरळ होता, पण चहा संपला तरी उत्तर काही सापडलं नाही. कुणी म्हणालं, दारूत जातात पैसे. कुणी म्हणालं, सरकार खातं. मला मात्र तो प्रश्न सोडवेना. मग जमेल तसं वाचलं, बागांतल्या बायकांशी बोलले. त्यातून जे हाती लागलं ते आज मांडते आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तिकडची गरिबी ‘तशीच’ नाही. १९९५-९६ मध्ये नेपाळमध्ये शंभरातली ४२ माणसं दारिद्र्यरेषेखाली होती. २०१०-११ मध्ये ती २५ वर आली. आणि ही पंधरा वर्षं काही सुखाची नव्हती. १९९६ ते २००६ अशी दहा वर्षं तिथे माओवाद्यांचं सशस्त्र बंड चाललं होतं, सरकारं पडत होती, राजेशाही जात होती. अशा धामधुमीत गरिबी वाढायची ती कमी झाली! याचं एक मोठं कारण म्हणजे बाहेर गेलेली माणसं. १९९५ ते २००४ या काळात जी गरिबी घटली, तिच्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा केवळ कामासाठी झालेल्या स्थलांतरामुळे घटला, असं जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी हिशेब करून दाखवलं. पुढे २०२२-२३ मध्ये गरिबीची रेषा वर नेली, मोजमाप कडक केलं, तरी आकडा २० च्या आसपासच राहिला. त्या वर्षी देशातल्या चार घरांपैकी तीन घरांत बाहेरून पैसा येत होता. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळपास चौथ्या हिश्श्याइतकी रक्कम असा घाम गाळणारी माणसं पाठवतात. चार भाकऱ्यांतली एक बाहेरची, असं समजा.

ही सवय तशी जुनी आहे. महाराजा रणजितसिंहांच्या सैन्यात नोकरी धरायला डोंगरातली पोरं लाहोरला जायची. म्हणून त्यांना ‘लाहुरे’ म्हणायचे. लाहोर मागे पडलं, ब्रिटिशांच्या पलटणी आल्या, पण शब्द राहिला. आजही परमुलखात कमावणाऱ्याला नेपाळमध्ये लाहुरेच म्हणतात, मग तो दुबईत सळ्या बांधत असो की आमच्या बागेत माकडं हाकत असो. भारतात यायला त्याला व्हिसा लागत नाही, १९५० च्या करारापासून सीमा मोकळी आहे. सगळ्यात गरीब असतो तो इकडे येतो. ज्याच्याकडे थोडं गहाण टाकायला आहे तो आखाती देशात किंवा मलेशियात जातो. २०२१ च्या जनगणनेत २ कोटी ९१ लाख लोकांच्या या देशातली जवळपास २२ लाख माणसं परदेशी असल्याची नोंद झाली. शंभरातले ऐंशीहून अधिक पुरुष.

मग मागे उरलं कोण? आपल्या कोकणातल्या बायकांना याचं उत्तर पुस्तकात शोधायला नको. घरचा पुरुष मुंबईला गिरणीत, गावात म्हातारा-म्हातारी, पोरं, गुरं आणि ती. महिन्याची मनीऑर्डर, आणि गणपतीला चाकरमानी. १९८२ चा गिरणी संप झाला तेव्हा चूल आमच्याकडची विझली होती. नेपाळच्या डोंगरात आज तेच चाललंय, फक्त गिरणगावाच्या जागी कतार आणि क्वालालंपूर आहे.

आता त्या पैशाचं होतं काय? २०१०-११ च्या पाहणीत असं दिसलं की शंभर रुपयांतले ७९ रोजच्या घरखर्चाला जातात, ७ कर्ज फेडायला, ४ शिक्षणाला. धंद्यात, उत्पादनात गुंतवले जातात ते जेमतेम दोन. अर्थशास्त्रातली मोठी मंडळी यावर नाक मुरडतात. म्हणतात, पैसा ‘अनुत्पादक’ कामात उडवला. मला हे वाचून खरंच राग आला. पोराला दूध, सासूचं औषध, छपरावर पत्रा, शाळेची फी हे उडवणं? ज्याने हे लिहिलं त्याच्या घरचं वाणसामान कोण भरतं, हे विचारावंसं वाटतं! नेपाळमध्ये २००१ साली पाच वर्षांखालच्या शंभर मुलांतली ५७ वयाच्या मानाने खुजी होती, पोटाला पुरेसं नव्हतं म्हणून. २०२२ मध्ये ती २५ झाली. बाळंतपणात दगावणाऱ्या आयांचं प्रमाण १९९६ मध्ये लाख जन्मांमागे ५३९ होतं, २०२१ मध्ये ते १५१ वर आलं. माझ्या मते हेच उत्पादन!

अर्थात हे नुसत्या पाठवलेल्या पैशाने झालेलं नाही. १९८८ पासून तिथे गावोगावी आरोग्य स्वयंसेविका आहेत, पन्नास हजारांच्या घरात. आपल्या आशाताईंच्या थोरल्या बहिणीच म्हणा ना, आपली आशा योजना आली २००५ मध्ये. वर्षातून दोनदा ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस, गरोदर बाईची चौकशी, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी, हे सगळं त्या करतात आणि त्यांना पगार नाही, किरकोळ भत्ते तेवढे. म्हणजे पुरुष बाहेरून पैसे पाठवतात, बायका गावात फुकट राबतात, आणि देशाचा विकास झाला म्हणून अहवाल निघतात.

ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजू आकड्यांत फारशी येत नाही, कारण ती घरात सोसली जाते.

सुरुवात कर्जापासून होते. नेपाळ सरकारने २०१५ मध्ये नियम केला की आखात आणि मलेशियाला जाणाऱ्याचा व्हिसा आणि विमानाचं तिकीट मालकाने द्यायचं. एजंटाने दहा हजार नेपाळी रुपयांपलीकडे काही घ्यायचं नाही. नियम चांगला. पण एजंट पावती दहा हजाराची देतो आणि घेतो लाखाच्या पुढे. ती रक्कम गावच्या सावकाराकडून, शेकडा ३६ टक्क्यांपर्यंत व्याजाने. पहिलं वर्ष-दीड वर्ष तो कमावतो ते सावकारासाठी. तोवर दारात येणाऱ्या सावकाराला तोंड देते ती बायको. तो तिकडे आजारी पडला तरी परत येऊ शकत नाही, कारण कर्ज अंगावर आहे. आपल्याकडे ऊसतोडीची उचल असते ना, जात तीच.

मग उन्हाचं काम. डोंगराच्या थंड हवेत वाढलेला पोरगा पन्नास अंशांच्या आसपासच्या उन्हात बांधकामावर उभा राहतो. पाणी कमी पितो, कारण लघवीला जायला सोय नाही, वेळ कापतात. तहान लागली तर गोड थंड पेय, अंग दुखलं तर दुखणं थांबवायची गोळी. मूत्रपिंड बिचारं किती सोसणार? आखात आणि मलेशियातून परतलेले विशी-तिशीतले तरुण किडनी निकामी होऊन काठमांडूच्या दवाखान्यांत येतात, असं तिथले डॉक्टर कित्येक वर्षं सांगतायत. नेपाळमध्ये डायलिसिस सरकारी खर्चाने होतं, हे चांगलंच आहे. पण मशीन शहरात, घर डोंगरात. म्हणजे शेत विकून शहरात खोली घ्यायची आणि आठवड्यातून दोन-तीनदा रांगेत बसायचं. किडनी बदलायची वेळ आली तर देते कोण? आई, नाहीतर बायको. आपल्याकडेही जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत, तेव्हा यात आश्चर्य नाही.

आणि काहीजण परत येतात ते पेटीतून. २००८ पासून दहा हजारांहून अधिक नेपाळी कामगार परदेशी दगावल्याची तिथल्या सरकारी मंडळाकडे नोंद आहे. कागदावर बहुतेकदा कारण असतं ‘नैसर्गिक मृत्यू’ किंवा ‘हृदयक्रिया बंद’. अहो, पंचवीस-तीस वर्षांच्या धडधाकट माणसाचं हृदय झोपेत आपोआप बंद पडतं? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कतारमध्ये २००९ ते २०१७ या काळात गेलेल्या नेपाळी कामगारांच्या नोंदी उन्हाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. हृदयविकाराने गेलेल्या ५७१ जणांपैकी दोनशेच्या आसपास जण, उन्हापासून नीट संरक्षण मिळतं तर वाचू शकले असते, असा निष्कर्ष निघाला. बराच गाजावाजा झाल्यावर २०२१ मध्ये कतारने जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम बंद ठेवायचा नियम केला. पण ‘नैसर्गिक’ या एका शब्दामुळे कित्येक विधवांना मालकाकडून दमडी मिळाली नाही. जे मिळालं ते नेपाळच्याच कल्याण निधीतून. त्या निधीत पैसे भरलेले असतात कामगारांनीच.

आता जरा अवघड विषय. नेपाळच्या पश्चिम टोकाला अछाम आणि डोटी असे जिल्हे आहेत. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला येतात. एड्सची लागण तिथे पोचली तेव्हा लोक त्याला काय म्हणायला लागले ठाऊक आहे? ‘मुंबई रोग’. आपल्या राजधानीचं नाव एका आजाराला! मला ते वाचून कसंतरीच झालं. पण राग कुणावर धरायचा? एका खोलीत आठ-दहा जण राहणारे, वर्ष-वर्ष घर न पाहणारे तरुण. ना कुणी दोन शब्द सांगणारं, ना दवाखान्यात कुणी भाषा समजून घेणारं. वर्षातून एकदा तो घरी जायचा आणि तालुक्याबाहेर पाऊल न टाकलेली बायको आजारी पडायची. आधी नवरा जायचा आणि गाव तिलाच बोल लावायचं. आता औषधं मोफत मिळतात, वेळेवर सुरू केली तर माणूस नेटाने जगतो, मूलही निरोगी जन्मतं. परिस्थिती पुष्कळ सुधारली. तरी तपासणी करून घ्यायला बाई धजावत नाही, कारण ‘तुला कशाला तपासणी हवी?’ हा प्रश्न घरातूनच येतो.

घरी राहिलेल्या बाईचं सगळं वाईटच झालं असं मात्र मी म्हणणार नाही. बँकेत खातं तिच्या नावावर निघालं. शाळेत सही ती करायला लागली, बाजारात दर ती ठरवायला लागली. डोंगरात बाईने नांगर धरायचा नाही अशी रूढी होती. पुरुषच नाहीत म्हटल्यावर काही बायकांनी तीही मोडली. पण ज्यांच्या वाट्याला नांगर आला नाही किंवा झेपला नाही, त्यांची शेतं पडीक आहेत. भाताच्या देशात आता आपल्याकडून ट्रक भरभरून तांदूळ जातो, आणि तो घ्यायला पुन्हा परदेशातून आलेलेच पैसे लागतात. शिवाय सासरी एकत्र असेल तर पैसा सासऱ्याच्या हाती येतो. तिला मीठमिरचीलाही मागावं लागतं, वर ‘नवरा नाही तर ही कुणाशी बोलते’ याची गावभर मोजदाद. वेगळी राहणारी मोकळी असते, पण रात्री पोराला ताप आला तर तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालायला माणूस नसतं.

आणि तिने स्वतःच जायचं ठरवलं तर? इथे मला नेपाळच्या राज्यकर्त्यांचं फार नवल वाटतं. १९९८ मध्ये कुवेतमध्ये एका नेपाळी घरकामगार बाईचा मृत्यू झाला, तर सरकारने बायकांना आखातात जायलाच बंदी केली. २०१२ मध्ये तीस वर्षांखालच्यांना घरकामासाठी बंदी. २०१७ मध्ये पुन्हा सगळ्यांनाच. हजारो पुरुष पेटीतून आले, त्यांना कधी बंदी नाही! बंदी झाली म्हणून बायका थांबल्या का? मोकळ्या सीमेवरून भारतात आल्या आणि दिल्ली-मुंबईच्या विमानतळावरून एजंटांनी त्यांना पाठवलं. त्यामुळे कुठल्याच दप्तरात त्यांची नोंद नाही, विमा नाही, काही झालं तर वकिलातीत विचारायला कागद नाही. २०२१ मध्ये तर कहर झाला. चाळिशीच्या आतल्या बाईने परदेशी जायचं तर घरच्यांची आणि वॉर्ड कार्यालयाची परवानगी आणावी, असा प्रस्ताव आला. काठमांडूच्या रस्त्यावर बायका उतरल्या तेव्हा तो मागे पडला. मला विचाराल तर सुरक्षित जाण्याची सोय करणं कष्टाचं असतं आणि दार लावणं सोपं असतं, म्हणून दार लावलं.

राज्यकर्त्यांना आणखी एक आळस जडला. बाहेरून पैसा येतो, त्यातून लोक बाहेरचा माल घेतात, त्या मालावरचा कर तिजोरीत पडतो. सरकारच्या महसुलाचा मोठा हिस्सा असा आयातीच्या करातून येतो. मग गावात कारखाना काढा, शेतीला पाणी द्या, शिकलेल्या पोरांना काम द्या, ही घाई कुणाला असणार? २५ एप्रिल २०१५ चा भूकंप झाला तेव्हा कित्येक वस्त्यांत ढिगारे उपसायला तरुण हातच नव्हते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, इकडून घरी निघालेले नेपाळी धारचुलाला अडकले, तेव्हा सीमेचा पूल बंद म्हणून काहींनी महाकाली नदीत उड्या टाकल्या आणि पोहून आपला देश गाठला. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुण पोरं रस्त्यावर आली, सत्तरहून अधिक जीव गेले, सरकार कोसळलं आणि माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या, नेपाळच्या पहिल्या महिला पंतप्रधान. निमित्त समाजमाध्यमांवरच्या बंदीचं होतं, पण पोरांच्या मनात नेत्यांच्या मुलांचा थाट आणि स्वतःच्या हातातला पासपोर्ट, दोन्ही होतं.

बैठकीत मी हे सगळं सांगितलं तेव्हा तीच मैत्रीण म्हणाली, ‘‘बरं, पण आपण इथे बसून काय करणार?’’ नेपाळचं सरकार आपण सुधारू शकत नाही, खरंय. पण या गोष्टीचं एक टोक आपल्या दाराशी आहे. बागेतल्या झोपडीत आता बायका-मुलंही येतात. त्यातल्या एकीशी माझं बोलणं होतं, मला ‘दीदी’ म्हणते. धाकटं मूल दहा महिन्यांचं, आणि गोवराची लस दिलेली नव्हती. का? तर आधार कार्ड नाही म्हणून कुणी देणार नाही, असं तिला वाटत होतं. लसीला आधार कार्डची अट नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसरीचा नवरा आंब्यावर फवारणी करून आला की त्याच हाताने जेवायला बसायचा. हातमोजे, तोंडाला मास्क, वेगळे कपडे आणि साबण एवढं बागायतदाराने देणं काही जड नाही. आमच्यातल्या तिघींच्या घरच्या बागा आहेत, त्यांनी या मोसमापासून ते सुरू केलं आहे. क्षयाची आणि एचआयव्हीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, हेही बोटीवरच्या खलाशांपर्यंत पोचवायचं आहे. ते काम बायकांनी करायचं की नाही यावर गटात अजून एकमत नाही.

सध्या आम्ही बागांची यादी केली आहे आणि उपकेंद्रातल्या सिस्टरना बरोबर घेऊन झोपड्या फिरतो आहोत. जूनमध्ये ही माणसं लावणीला घरी जातील. त्याआधी प्रत्येक आईच्या हातात बाळाचं लसीकरणाचं कार्ड असायला हवं. नेपाळी भाषा लिहिली जाते ती आपल्याच देवनागरीत, त्यामुळे लसीचं नाव आम्ही मराठीत लिहिलं तरी तिकडच्या स्वयंसेविकेला ते वाचता येईल. अडचण फक्त तारखेची आहे. त्यांचं विक्रम संवताचं वर्ष आपल्यापेक्षा ५६-५७ने पुढे. तेव्हा सिस्टरनी कार्डावर आपली तारीख लिहिली की शेजारी त्यांची तारीख आई स्वतःच लिहिते.